धोका टळल्याचा भोंगा

आमच्या घरात देवाच्या फळीखाली आणखी एक फळी होती आणि तिच्यावरच्या अण्णांच्या सामानाला हात लावायची कुणाला परवानगी नव्हती. पांढरं हेल्मेट, शिटी, दंडाला बांधायची पट्टी, मोठी बॅटरी आणि नागरी संरक्षणाच्या कायद्याची एक पातळ पुस्तिका. अण्णा म्हणजे माझे वडील, हनुमंतराव. बंगळूरच्या आमच्यासारख्या जुन्या मराठी घरांत वडिलांना अण्णाच म्हणतात. आमची माणसं इथे नेमकी कधी आली ते घरात कुणालाच सांगता येत नसे. चुलीपाशी मराठी आणि उंबरा ओलांडला की कानडी, असं आमचं पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं. अण्णा एका सरकारी कारखान्यात फिटर होते, पण यशवंतपूरच्या आमच्या भागात त्यांना फिटर म्हणून कुणी ओळखत नव्हतं. ते आमच्या वस्तीचे वॉर्डन होते. हे काम बिनपगारी आणि स्वेच्छेचं, पण अण्णांना ते नोकरीपेक्षा मोठं वाटे.

घरी कुणीही आलं, मग तो चुलत मामा असो की गॅसची टाकी आणणारा माणूस, अण्णा त्याला ही सगळी व्यवस्था समजावून सांगत. कायदा दिल्लीचा, दल राज्याचं. जिल्ह्याला एक नियंत्रक, त्याच्या हाताखाली मुख्य वॉर्डन, मग विभागाचा, मग वस्तीचा, आणि सगळ्यांत खाली गल्लीगल्लीतले स्वयंसेवक. माझ्या पाटीवर ते हे शिडीसारखं काढून दाखवत. आई एकदा ते बघून म्हणाली होती की वरून काही पडलंच तर सगळ्यांत आधी आपल्याच डोक्यावर पडणार, कारण एवढ्यांच्या खाली आपण. अण्णा हसले नाहीत. त्यांना त्या पुस्तिकेतली नागरी संरक्षणाची व्याख्या पाठ होती: जमिनीवरून, समुद्रातून, हवेतून किंवा अन्य ठिकाणाहून होणाऱ्या शत्रूच्या हल्ल्यापासून माणसांचं आणि मालमत्तेचं रक्षण. आमच्यापासून समुद्र कितीतरी कोस लांब होता, तरी ते तो शब्द गाळत नसत.

आमचं घर उताराच्या वरच्या टोकाला होतं, सिमेंटच्या गच्चीचं. खाली उतरत गेलं की वठार लागे, म्हणजे मधे अंगण ठेवून समोरासमोर बांधलेली कौलारू घरांची रांग, बावीस बिऱ्हाडं, आणि त्याच्याही खाली नाला. रविवारी संध्याकाळी त्या अंगणात अण्णांचा वर्ग भरे. दोन बांबू आणि घोंगडी घेऊन स्ट्रेचर कसा करायचा, रक्त कुठे दाबून धरायचं, आणि मुख्य म्हणजे भोंगा झाल्यावर काय करायचं. चढ-उताराचा, रडल्यासारखा भोंगा म्हणजे धोका. त्या वेळी दारं लावायची, खाटेखाली पालथं पडायचं, कानांत बोळे, दातांत कापड. मग एका सुरातला लांब भोंगा होईल, तो धोका टळल्याचा. तो ऐकल्याशिवाय कुणीही, काहीही झालं तरी, दार उघडायचं नाही. खोटा भोंगा वाजवणाऱ्याला शिक्षा झाली पाहिजे, असंही ते दर रविवारी सांगत. माणसं बटाटेवडे किंवा शेंगदाणे खात ऐकत. मुलं खाटेखाली शिरायला मिळतं म्हणून येत. खरी विद्यार्थिनी एकच होती, रुक्मिणीअक्का. पन्नाशी उलटलेली, एकटी, वठारातल्या शेवटच्या, नाल्याला लागून असलेल्या घरात राहणारी. दिवसभर ती ओट्यावर बसून मोगरा आणि कनकांबराच्या, म्हणजे अबोलीच्या, माळा गुंफे आणि वर्गाच्या दिवशी प्रत्येक दारात जाऊन लोकांना बाहेर काढे. मला तिनेच न्हाऊमाखू घातलेलं, कारण माझ्या जन्मानंतर आई बरेच महिने अंथरुणाला खिळून होती.

मी तेव्हा डिग्रीच्या पहिल्या वर्षाला होते. अण्णांनी मलाही दलाचं प्रशिक्षण घ्यायला लावलं होतं. माझ्याकडे शिक्का मारलेलं ओळखपत्र होतं आणि त्याचा मला कॉलेजात थोडा तोराही होता. हाताने फिरवायचा लोखंडी भोंगा आमच्या गच्चीवरच्या खोलीत तिवईवर बसवलेला असे. अण्णा दर महिन्याला त्याला तेल घालत आणि सरावाच्या रविवारी स्वतःच फिरवत. मी तो प्रशिक्षणात एकदोनदा फिरवला होता, पण वस्तीसाठी कधीच नाही.

त्याच्या आदल्या वर्षी एक गोष्ट घडली होती आणि ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. नाला फुगून वठारात पाणी शिरलं तेव्हा अण्णांनी पट्टी बांधली, शेजारच्या शाळेचं कुलूप तोडलं आणि सगळ्यांना दोन दिवस वर्गात ठेवलं. सगळे सुखरूप राहिले. पंधरा दिवसांनी कार्यालयाचं पत्र आलं. पाणी हा शत्रूचा हल्ला नव्हे, सबब कायद्याने दिलेले अधिकार या प्रसंगी लागू नव्हते, यापुढे आदेशाशिवाय पट्टी बांधू नये. कामावर गैरहजर राहिल्याबद्दल कारखान्याचाही मेमो आला. अण्णांनी दोन्ही कागद त्या पुस्तिकेत घडी घालून ठेवले आणि आईला शब्द दिला की वरून आदेश आल्याखेरीज काही करणार नाही. तेव्हापासून त्यांच्या बोलण्यात एक सावधपणा आला होता. वर्ग चालू होते, पण ते सांगताना अधूनमधून थांबत.

ती सकाळ जानेवारीतली होती. धुकं नुकतंच विरलं होतं आणि वाऱ्याचं नाव नव्हतं. अवरेकाईचे, म्हणजे ओल्या पावट्याचे दिवस. आई रात्री भिजत घातलेले दाणे बोटांत दाबून सालातून सोडवत होती, आणि प्रत्येक दाणा पातेल्यात पडताना टप्‌ असा आवाज होत होता. रेडिओवर कानडी बातम्या. अण्णांची त्या आठवड्यात दुसरी पाळी होती, म्हणून ते घरी होते, दाढी करत. पहिल्यांदा वास आईलाच आला. ती म्हणाली, आज नळाच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर जास्त टाकलेली दिसते. मग तिने पाण्याची कळशी हुंगली आणि म्हणाली, पाण्याला तर वास नाही.

अण्णा अर्ध्या तोंडाला साबण तसाच ठेवून गच्चीवर गेले आणि मी त्यांच्या मागे. आमच्या घराच्या डाव्या अंगाला, उताराच्या मध्यावर, एक भंगाराचं आवार होतं. त्याच्या भिंतीआडून काहीतरी पिवळट हिरवं वर येत होतं. धूर म्हणावा तर तो वर चढत नव्हता. भिंतीच्या कडेवर येऊन तिथेच रेंगाळत होता. फाटकातून एक माणूस सदऱ्याने तोंड झाकून बाहेर आला, चार पावलं धावला आणि गुडघ्यावर बसला. नंतर कळलं की कुठल्याशा बंद पडलेल्या कारखान्यातून आलेली जुनी टाकी रिकामी समजून कापायला घेतली होती. कापणारा माणूस वाचला नाही.

अण्णांनी ओळखलं. त्यांच्या कारखान्यात पाण्याच्या टाकीपाशी तसली सिलिंडरं असत. ते म्हणाले, क्लोरीन आहे, मी कोपऱ्यावरून नियंत्रकाच्या कार्यालयाला आणि अग्निशामक दलाला फोन करून येतो. जिन्यावरून उतरता उतरता त्यांनी वळून मला सांगितलं, "मी येईपर्यंत कशाला हात लावू नकोस. आदेश घेऊन येतो."

मी गच्चीवर एकटी उभी राहिले. किती वेळ गेला ते मला आजही सांगता येत नाही. आईच्या पातेल्यातला टप्‌ टप्‌ आवाज थांबला होता. तो पिवळा पट्टा भिंत ओलांडून रस्त्यावर उतरला आणि सांडलेल्या दुधासारखा उताराच्या बाजूला सरकायला लागला. खाली वठारात कुणालाच काही माहीत नव्हतं. बायका नळाशी होत्या, दोन मुलं टायर फिरवत होती, रुक्मिणीअक्का ओट्यावर टोपली घेऊन बसली होती. कोपऱ्यावरून अण्णा येताना दिसत नव्हते. मला वाटलं, हाच तो प्रसंग. यासाठीच सगळं शिकवलेलं आहे आणि तरीही सगळे हात बांधून बसणार. मी खोलीचं दार उघडलं, तिवई ओढून कठड्याशी आणली आणि हँडल धरलं. चढ, उतार, चढ, उतार. तो आवाज माझ्या छातीतून निघाल्यासारखा वस्तीवर पसरला.

आणि लोकांनी ऐकलं. हे लिहिताना अजून हात अडतो, पण त्या क्षणी मला अभिमान वाटला. नळावरच्या बायकांनी कळशा सोडल्या, मुलांना ओढून आत नेलं. एकामागून एक दारं लागत गेली, अगदी अण्णांनी शिकवलं होतं तशी. अक्काने टोपली उचलली, आत गेली, कडी लावल्याचा आवाज मला वरपर्यंत आल्यासारखा वाटला. दोन मिनिटांत अंगण रिकामं झालं. मी हँडल सोडलं आणि खाली पाहिलं. तो पिवळा पट्टा वठाराच्या तोंडाशी आला होता. तिथे पायरीवर झोपलेलं एक कुत्रं उठलं, शिंकल्यासारखं करत स्वतःभोवती फिरलं आणि आडवं पडलं. पट्टा त्याच्यावरून पुढे गेला. जमिनीला धरून, दारांच्या फटींपाशी.

जिन्यावर अण्णांची पावलं वाजली. ते धापा टाकत होते, गालावरचा साबण वाळला होता. त्यांनी भोंग्याकडे पाहिलं, मग खाली रिकाम्या अंगणाकडे.

"तू वाजवलास?"

"हो."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात, जणू स्वतःलाच सांगत असल्यासारखे म्हणाले, "हा वायू जड असतो. खाली बसतो. आणि मी त्यांना जमिनीवर झोपायला शिकवलंय."

आम्ही दोघं खाली धावलो. आईने माठात बुडवून दोन टॉवेल हातात दिले. वठाराच्या वरच्या टोकाला अजून श्वास घेता येत होता, पण डोळ्यांत मिरचीची पूड गेल्यासारखी आग होत होती. अण्णांनी पहिल्या दारावर थाप मारली आणि कानडीत ओरडून सांगितलं, बाहेर या, वर चला. आतून एका बाईचा आवाज आला, धोका टळला का. अण्णा म्हणाले, नाही, पण बाहेर या. मग तीच बाई म्हणाली, भोंगा झाल्यावर येते. दुसऱ्या दारातून उत्तरच आलं नाही. तिसरं उघडलं, चौथं उघडलं नाही. बावीस दारं होती. इतक्या वर्षांच्या रविवारांनी ती आतून घट्ट लावून घेतली होती.

अण्णा अंगणात मधोमध थांबले. मला दंडाला धरून त्यांनी आमच्या घराच्या दिशेने वळवलं. "वर जा. धोका टळल्याचा भोंगा दे."

मी म्हटलं, "पण टळलेला नाही."

"माहीत आहे. दे. मी सांगेपर्यंत थांबू नकोस."

एका सुरातला भोंगा सोपा वाटतो, पण तोच कठीण. हाताचा वेग जरासुद्धा कमी होऊन चालत नाही, नाहीतर आवाज खाली येतो आणि ऐकणाऱ्याला तो पुन्हा धोक्याचा वाटतो. मी दोन्ही हातांनी फिरवत राहिले. मला खालून दारं उघडताना दिसली. माणसं बाहेर येत होती, काही जण हसत, एक म्हातारा अंग ताणत, सगळं संपलं अशा समजुतीत. मग त्यांना वास लागायचा आणि चेहरे बदलायचे, आणि त्याच वेळी अण्णा त्यांच्या पाठीवर हात ठेवून त्यांना चढावाकडे ढकलायचे, उजव्या हाताला आंजनेयाचं देऊळ असलेल्या टेकडीकडे. आदेश नव्हता, तरी त्यांनी पट्टी बांधली होती. वाटेवर आई उभी होती. तिने धुण्याच्या टपात आपली लुगडी बुडवली होती आणि ती फाडून फाडून एकेकाच्या हातात ओला तुकडा देत होती. आयुष्यभर या सगळ्याला नावं ठेवणाऱ्या माझ्या आईने त्या दिवशी शिकवल्याबरहुकूम एकही गोष्ट चुकवली नाही. ती बिऱ्हाडं मोजतही होती. तिनेच ओरडून सांगितलं की एकवीस झाली, रुक्मिणी आली नाही.

मी थांबले असते तर अण्णांना मदत झाली असती का, हा विचार मी पुष्कळ वर्षं केला. त्यांनी थांबू नकोस सांगितलं होतं, म्हणून मी फिरवत राहिले. तळहाताची सालं निघून हँडल ओलं झालं होतं. अण्णा टॉवेल तोंडावर दाबून वठाराच्या तळाकडे गेले आणि त्या पिवळ्यात कमरेपर्यंत दिसेनासे झाले. त्यांनी दाराला खांदा दिल्याचं दिसलं. मग काहीच दिसलं नाही. मी मनात आकडे मोजत होते आणि पंचवीसच्या पुढे आकडाच आठवेना. शेवटी ते बाहेर आले ते अक्काला पाठीवर घेऊन, भिंतीला धरत. अर्ध्या चढावर गुडघे टेकले. चार माणसांनी पुढे होऊन दोघांना उचललं. तेव्हा कुठे खालून आईने हात हलवला आणि मी हँडल सोडलं.

अग्निशामक दलाचा बंब आला, पाण्याच्या फवाऱ्याने त्यांनी तो वायू दाबला. अण्णा आठवडाभर इस्पितळात होते, अक्का दोन महिने. बाकी सगळे डोळे सुजणं, खोकला, उलट्या यावर निभावले. कार्यालयात फोन लागला होता, असं अण्णांनी इस्पितळात सांगितलं. पलीकडच्या माणसाने सगळं ऐकून घेतलं आणि लेखी कळवा म्हणून सांगितलं.

चौकशीला अण्णांबरोबर मीही गेले, कारण त्यांना जिना चढताना धाप लागत होती. अधिकारी वाईट माणूस नव्हता. त्याने आधी बसायला सांगितलं, पाणी दिलं, मग फाइल उघडली. हा शत्रूचा हल्ला होता का? नाही. कार्यालयाचा आदेश होता का? नाही. मग धोक्याचा भोंगा कुणाच्या सांगण्यावरून झाला? अण्णा म्हणाले, माझ्या. आणि धोका कायम असताना तो टळल्याचा भोंगा? तोही माझ्याच. मी बोलायला तोंड उघडलं. अण्णांनी माझ्याकडे न बघता, त्या अधिकाऱ्याला कळू नये म्हणून मराठीत, अगदी साध्या आवाजात म्हटलं, "गप्प बैस." मी गप्प बसले. वडिलांची आज्ञा म्हणून बसले, असं मी बरीच वर्षं लोकांना सांगत आले. खरं म्हणजे मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

अण्णांची नेमणूक रद्द झाली. एक जीप येऊन भोंगा घेऊन गेली, हेल्मेट आणि पट्टीही. कारखान्याने त्यांना स्टोअरमध्ये बसवलं, कारण छाती आता यंत्रावरच्या कामाची राहिली नव्हती. पुढे कितीतरी वर्षांनी कायदा बदलला आणि शत्रूच्या हल्ल्याबरोबर आपत्ती हा शब्दही त्यात आला. ती बातमी मी पेपरात वाचली तेव्हा अण्णा नव्हते. आता तर मोबाइलवरच सरकारचा चाचणीचा इशारा कर्कश वाजतो. परवा वाजला तेव्हा मी घरातल्या सगळ्यांना विचारलं, हा खरा असता तर कुठे गेला असतात. कुणी म्हणालं आत, कुणी म्हणालं बाहेर.

अक्का घरी आली तेव्हा तिचा आवाज निम्मा झाला होता. मी रोज तिला तांदळाची पातळ गंजी नेऊन देत असे आणि रोज न बोलता परत येत असे. एका दुपारी ती खाटेवर बसून माळ करत होती, दर चार फुलांनी श्वास घ्यायला थांबत होती. मी भांडं खाली ठेवलं आणि सांगून टाकलं. पहिला भोंगा अण्णांचा नव्हता. तो मी वाजवला, न विचारता. तू खाली झोपलीस ती माझ्यामुळे.

ती गाठ मारत राहिली. मग म्हणाली, "मला माहीत होतं. अण्णांचा हात असा घाई करत नाही."

मी विचारलं, मग आत का गेलीस. वास तर तुला आधीच आला असेल, तुझं नाक फुलांवर तयार झालेलं.

"आला होता. वर जावं असं मनात आलंही होतं स्वल्प." ती श्वासासाठी थांबली. "पण पोरीने पहिल्यांदा वाजवलाय. मीच आत गेले नाही तर बाकीचे कसे जातील. तुला वाईट वाटलं असतं."

मी उठले. घरी आले, अण्णा खिडकीशी बसले होते. त्यांना म्हटलं, मी कार्यालयाला लिहून देणार आहे, पहिला भोंगा माझा. मला वाटलं ते पुन्हा गप्प बस म्हणतील. ते म्हणाले, कानडीत लिही, मराठी तिथे कोण वाचणार. ते शेजारी येऊन बसले. वारा नव्हता, हे त्यांनी लिहायला लावलं. वायू कुठून कुठे गेला, दारं किती, उघडली किती, सगळं क्रमाने. शेवटी मी लिहिलं की आदेशाची वाट पाहिली नाही ही माझी चूक झाली. ते वाक्य त्यांनी दोनदा वाचलं, माझ्या हातून पेन घेतलं आणि खोडून टाकलं.

"आदेश आला नाही, असं लिही," ते म्हणाले. "आणि लोकांना काय शिकवलं होतं तेही लिही. शिकवणाऱ्याच्या नावासकट."

मी त्यांचं नाव लिहिलं आणि खाली माझी सही केली.